अण्णांचा कॅमेरा

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे मध्यमवर्गीय घरातले वार्षिक उत्खननच असते. माळ्यावरून काय खाली येईल आणि कपाटाच्या तळच्या खणातून काय वर निघेल, याचा नेम नसतो. मोडका पाट, एका काचेचा चष्मा, झाकण हरवलेला डबा आणि डबा हरवलेले झाकण! यातले निम्मे भंगारात जाते आणि उरलेले निम्मे ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणत पुन्हा जागच्या जागी जाऊन बसते.

डोंबिवलीतल्या अशाच एका घरात २०२४ सालच्या दिवाळीआधी माईंच्या लोखंडी कपाटातून एक छोटी काळी पिशवी निघाली. पिशवीत जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला एक डिजिटल कॅमेरा होता. तळहातात मावेल एवढा, रुपेरी रंगाचा. शेजारी चार्जर, तोही रबर लावून नीट गुंडाळलेला. २००८ च्या दिवाळीत मुलाने बोनसच्या पैशातून अण्णांना दिलेला तो कॅमेरा. अण्णा २०१० च्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून तो या खणात होता. दरवर्षी आवराआवरीत माई तो बाहेर काढीत, वरची धूळ टिपीत आणि पुन्हा ठेवून देत. कुणी काही विचारीत नसे.

या वर्षी विचारणारे माणूस घरात होते. नात चिऊ कॉलेजात जाऊ लागली होती आणि तिच्या वर्गातल्या मुलामुलींना अचानक अशा जुन्या कॅमेऱ्यांचे वेड लागले होते. मोबाइलमधले फोटो म्हणे फारच गुळगुळीत येतात. या जुन्या कॅमेऱ्यांत कसा चेहऱ्यावर फ्लॅश पडतो, मागचे सगळे काळोखात जाते, आणि फोटो ‘खरा’ वाटतो! जी वस्तू तिच्या बापाने सोळा वर्षांपूर्वी नवी म्हणून आणली होती, ती तिला जुनी म्हणून हवी होती.

“आजी, मला दे ना हा! ट्रिपला नेते. जपून वापरीन.”

माईंनी क्षणभर विचार केला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

कॅमेरा चालू होईना. चार्ज करण्यासाठी बॅटरी बाहेर काढायला हवी म्हणून चिऊने तळाचे झाकण सरकवले. आत बॅटरी होती. तिला धरून ठेवणारा बारीकसा खटकाही जागेवर होता. खटका बाजूला केला की आतली स्प्रिंग बॅटरीला वर ढकलते आणि ती टपकन हातात येते, अशी ती रचना. खटका बाजूला झाला, बॅटरी मात्र हलली नाही. नखाने ओढून पाहिली, कॅमेरा उलटा करून हलवून पाहिला. बॅटरी जणू कप्प्यातच उगवली होती.

घरात काही अडकले की सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. सुनेने केसातली पिन पुढे केली. शेजारचे काका पेपर परत द्यायला आले होते, ते म्हणाले, “दोन थेंब खोबरेल सोडा.” मग त्यांनीच सुधारणा केली, “त्यापेक्षा तासभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीनं वस्तू आकसते.” चिऊच्या मैत्रिणीने फोनवरून केस वाळवायचे यंत्र सुचवले. म्हणजे एकाचा उपाय थंड, दुसऱ्याचा गरम! संध्याकाळी चिऊचे बाबा कामावरून आले. पन्नाशीला टेकलेले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले. पण माईंच्या लेखी अजून बाळूच. त्यांनी कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि सरळ हत्यारांचा डबा काढला.

“यात काय एवढं? कडेनं स्क्रू ड्रायव्हर घातला की उचलून येईल.”

पाते कप्प्यात शिरले. प्लॅस्टिक कुरकुरले. कडेचा एक टवका उडाला.

“बाळू, राहू दे,” माई म्हणाल्या.

“अगं, निघेल आता.”

“राहू दे म्हणते ना!”

माईंचा आवाज सहसा चढत नसे. बाळूही दिवसभराचा दमलेला होता. तो म्हणाला, “माई, अगं बंद पडलेला डबा आहे हा. आत कार्डसुद्धा नाही. तुटला तर काय मोठंसं बिघडणार आहे?”

माई काही वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे म्हणाले होते, मला फोटो दिसत होते.”

बाळूच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. सून स्वयंपाकघरात गेली. चिऊला काहीच कळले नाही. पण आता विचारायचे नाही, एवढे मात्र कळले.

ती गोष्ट जानेवारी २०१० मधली. सगळे मिळून नरसोबाच्या वाडीला गेले होते. अण्णांचा पिंड जुन्या कॅमेऱ्यांचा. छत्तीस फोटोंचा रोल, तो पुरवून पुरवून वापरायचा, आणि शेवटचा फोटो निघाला की चक्र फिरायचे थांबते, ही त्यांची सवय. डिजिटल कॅमेऱ्यात रोल नसतो, त्याऐवजी नखाएवढे कार्ड असते, हे बाळूने त्यांना दहा वेळा समजावले होते. तरी ते त्याला रोलच म्हणत. वाडीला कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी मनासारखे फोटो काढले. दुपारी म्हणाले, “रोल संपला.” सगळे हसले. कॅमेरा पिशवीत गेला, पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन मंडळी परतली.

घरी आल्यावर बाळूला कळले की कार्ड संगणकालाच लावलेले राहिले होते. आदल्या आठवड्यात फोटो उतरवून घेतले आणि ते परत कॅमेऱ्यात घालायचेच राहून गेले. चूक त्याची होती. पण घरात पाहुणे होते, आणि माणूस आपली चूक लपवायला आधी हसतो. तो म्हणाला, “कमाल झाली! अण्णा, तुम्ही दिवसभर रिकामा कॅमेरा उडवत होता?”

अण्णा म्हणाले, “पण मला पडद्यावर फोटो दिसत होते रे.”

“दिसणारच. ते नुसतं दाखवतं. कार्ड नसेल तर फोटो राहणार कुठे?”

त्याने कार्ड घातले आणि कॅमेरा अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बटण दाबून पाहिले. पडद्यावर जुनेच फोटो आले. दिवाळीचे, गॅलरीतल्या जास्वंदीचे. वाडीचा एकही नाही. ते “बरं” म्हणाले, कॅमेरा पिशवीत ठेवला, आणि त्यानंतर त्यांनी तो कधी हातात घेतला नाही. भांडण झाले नाही, कुणी दुखावल्याचे बोललेही नाही. सहा-सात महिन्यांनी भिंतीवर लावायच्या फोटोसाठी बाळूने कॅमेऱ्यातले कार्ड काढून नेले, ते पुढे घर बदलताना कुठेतरी गेले. बॅटरी आतच राहिली.

अशी कपाटे आणि असे कॅमेरे आपल्याकडे घरोघरी आहेत. एक काळ असा होता की साध्या डबा कॅमेऱ्याला बॅटरी लागतच नसे. स्प्रिंग आणि भिंग यांवर तो चालायचा. बॅटरीचे राज्य आणले ते डिजिटल कॅमेऱ्याने. अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते, त्याला सोळा बॅटऱ्या लागत, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. तो कॅमेरा खिशात मावायचा तर आधी बॅटरी लहान आणि हलकी व्हायला हवी होती. १९९१ साली लिथियम आयन बॅटरी बाजारात आली आणि ते जमले. ज्या तिघांच्या संशोधनावर ती उभी राहिली, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे या कॅमेऱ्यांचा पूर आला. एकट्या २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा आला, आणि २०२० साली हा आकडा एक कोटीच्याही खाली घसरला. आधीचे ते कोट्यवधी कॅमेरे काही कुणी फेकले नाहीत. ते पिशवीत घालून, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. बहुतेकांच्या पोटात बॅटरी तशीच राहिली.

पुढच्या शनिवारी माई, बाळू आणि चिऊ लोकलने मुंबईला निघाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत गेले की फोर्टातला बोरा बाजार लागतो. फिल्मच्या काळापासून कॅमेरे विकणारे आणि दुरुस्त करणारे तिथे बसतात. गाडीत बाळू खिडकीबाहेर पाहत होता. माईंच्या मांडीवर काळी पिशवी होती.

दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. डोळ्याला भिंग लावून बसलेले साठीचे कारागीर. त्यांनी कॅमेरा घेतला, झाकण उघडले, आणि बॅटरीला हात न लावताच विचारले, “हत्यार कुणी घातलं यात?”

बाळूने हात वर केला नाही, पण चेहऱ्याने कबूल केले.

“साहेब, नशीब थोर तुमचं. आणखी अर्धा दोरा आत गेला असता तर बॅटरीला भोक पडलं असतं. मग हातातच धूर. कधी कधी जाळसुद्धा.” मग ते माईंकडे वळले. “आजी, बसा. ही बॅटरी अडकलेली नाही, ही फुगलीय.”

त्यांनी कॅमेरा दिव्याखाली तिरका धरून दाखवला. एरवी पाटीसारखी सपाट असणारी बॅटरी मध्ये पोटाला आली होती आणि दोन्ही बाजूंनी कप्प्याच्या भिंतींना टेकली होती.

“दह्याचा बंद डबा बरेच दिवस तसाच राहिला की झाकण कसं फुगतं? तसंच. आत एक द्राव असतो. बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली, पार उतरून गेली, की तो आतल्या आत बिघडतो आणि त्याचा वायू होतो. डबी हवाबंद. वायूनं जायचं कुठं? मग तो डबीलाच ढकलतो.”

“म्हणजे आम्ही जपून ठेवला म्हणून असं झालं?” माईंनी विचारले.

“जपून ठेवला ते चांगलंच केलंत, आजी. कोरडा ठेवलात, भिंगाला बुरशी नाही. फक्त बॅटरी वेगळी काढून ठेवायला हवी होती. सगळेच विसरतात. या ड्रॉवरमध्ये बघा, आठवड्याला एखादी तरी येतेच.”

चिऊने शेजारच्या काकांचे उपाय सांगितले. कारागीर हसले. तेल आत गेले तर ते जोडणीच्या पट्ट्यांवर आणि भिंगापर्यंत पसरते. फ्रीजमध्ये ठेवून वायू काही पुरेसा आकसत नाही, उलट बाहेर काढल्यावर आत दव धरते. गरम हवा तर मुळीच नको, फुगलेल्या बॅटरीला उष्णता म्हणजे काडी लावण्यासारखेच. केसांची पिन लोखंडी, ती दोन टोकांना एकदम टेकली की ठिणगी.

“मग घरी करायचं तरी काय?” सगळ्यांत व्यवहारी प्रश्न चिऊचा.

“आधी बघायचं. बॅटरी सपाट असेल आणि नुसती चिकटली असेल, तर खटका बाजूला धरून कॅमेरा उलटा करायचा आणि तळहातावर हलके हलके आपटायचा. नाही आली तर बॅटरीच्या दिसणाऱ्या टोकावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवायची आणि सरळ वर ओढायची. वाकडी नाही, सरळ. धातूचं काही आत घालायचं नाही. आणि पोट आलेलं दिसलं तर तिथंच थांबायचं. चार्जही करायचं नाही. गुमान दुकान गाठायचं. हा कॅमेरा घरी उघडायला गेलात, तर त्यात आणखी एक भानगड असते.”

ती भानगड म्हणजे फ्लॅश. फ्लॅशचा लखलखाट करण्यासाठी कॅमेऱ्यात वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो. त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि बॅटरी काढली तरी तो काही काळ टिकून राहतो. बॅटरीच नाही तर शॉक कुठून बसणार, असे समजून पेच उघडणाऱ्याला तो जोरदार झटका देतो. इतक्या वर्षांत या कॅमेऱ्यातली वीज केव्हाच उतरून गेली असणार. पण कारागिरांनी तरीही पेच काढल्यावर पहिल्यांदा तेच तपासले. सवय ती सवय.

मग काम सुरू झाले. सात बारीक पेच निघाले. एकेक पेच त्यांनी कागदावर, ज्या जागेचा त्या जागी मांडून ठेवला. बाहेरचे कवच सैल झाले, तशी कप्प्याच्या भिंतीवरची पकड थोडी ढिली झाली. त्यांनी प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी घेतली आणि भिंत बॅटरीपासून केसभर दूर केली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पुन्हा पहिल्या. ओढले नाही. जागा करून दिली आणि वाट पाहिली. बाळू टक लावून बघत होता. त्याने दोन मिनिटांत जे करायला घेतले होते, त्याला इथे वीस मिनिटे लागली. शेवटी चिकटपट्टीच्या टोकाला धरून त्यांनी बॅटरी सरळ वर घेतली, आणि ती पोटुशी काळी चकती हलकेच बाहेर आली. तिच्या टोकांवर पट्टी चिकटवून त्यांनी ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

“ही कचऱ्यात टाकायची नाही हं. ई-कचरा गोळा करतात तिथं द्यायची. मी देतो.”

२०२२ सालापासून आपल्या देशात वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. त्या परत गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. पण बनवणाऱ्यापर्यंत ती पोचायची, तर आधी आपण ती ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकता कामा नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली, तर तिथेही तीच आग.

त्या मापाची नवी बॅटरी दुकानात मिळाली. मूळ कंपनीची नव्हे, पण चालणारी. कॅमेरा जोडून झाला. बटण दाबताच भिंग पुढे आले. चिऊने टाळी वाजवली. पडद्यावर सगळ्यात आधी तारीख आली : १ जानेवारी २००८. कॅमेऱ्यातले घड्याळ केव्हाच थांबले होते, ते पुन्हा पहिल्यापासून विचारत होते, आज कोणता दिवस?

“कार्ड आहे का?” कारागिरांनी विचारले.

“नाही,” बाळू म्हणाला. “त्यात फोटो काहीच नाहीत.”

“कार्ड नसलं म्हणून काय झालं? याची स्वतःची मेमरी असते की. थोडीच असते, दहा-बारा फोटो मावतील एवढी. कार्ड नसेल तर फोटो तिथं जातात. कोपऱ्यात ‘इन’ अशी बारीक खूण येते, कुणी बघत नाही.”

“पण... कार्ड घातल्यावर बघितलं होतं. काही नव्हतं.”

“कार्ड घातलं की कॅमेरा कार्डातलेच दाखवतो. आतले बघायचे तर कार्ड बाहेर काढावं लागतं.” त्यांनी फोटो पाहण्याचे बटण दाबले. “हे बघा. अकरा आहेत.”

दुकानातल्या त्या जिन्याखाली कुणी काही बोलले नाही. अकरा फोटो झाले तेव्हा ती मेमरी भरली होती आणि कॅमेऱ्याने तसे पडद्यावर लिहिले असणार. अण्णांनी ते त्यांच्या भाषेत वाचले होते : रोल संपला. त्या वेळी सगळे हसले होते.

चौदा वर्षे विजेचा थेंब नसताना ते फोटो आत शाबूत होते. अशा मेमरीला नुसते लक्षात ठेवायला वीज लागत नाही. बॅटरी गेली म्हणून फोटो पुसले जात नाहीत.

फोटो काही स्पर्धेत पाठवण्याजोगे नव्हते. दोन हललेले होते. एकात अण्णांचे बोट अर्ध्या चौकटीवर आले होते. एक नुसत्या पाण्याचा, पैलतीरावरच्या धुक्यासकट. दोन माईंचे. एकात त्या घाटावर बसून पायांना पाणी लागू नये म्हणून साडीच्या निऱ्या सावरत होत्या, दुसऱ्यात ‘पुरे आता’ असा हात करत होत्या. एक सुनेचा, पेढ्यांच्या दुकानासमोर. उरलेले चारही बाळूचे होते. चार वर्षांच्या चिऊला खांद्यावर घेऊन तो पायऱ्या उतरत होता. पाठमोरा. मग जरा जवळून. मग तो वळून तिला नदी दाखवत होता. शेवटच्या फोटोत त्याने एका हातात चिऊच्या आणि दुसऱ्या हातात माईंच्या चपला धरल्या होत्या, आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता हसत होता. प्रत्येक फोटोच्या खाली २०१० सालातल्या त्या दिवसाची तारीख जशीच्या तशी होती.

बाळूने कॅमेरा बराच वेळ हातात धरला. मग म्हणाला, “माई, मी त्यांना सगळ्यांसमोर...”

“असू दे रे,” माई म्हणाल्या. “त्यांना तरी कुठं माहीत होतं.”

“त्यांना दिसत होते. त्यांनी सांगितलं होतं.”

यावर माईंपाशी उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते शोधलेही नाही. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. कारागीर पेच ठेवायची डबी उगाचच पुसत राहिले. पैसे घेताना त्यांनी शंभर रुपये कमी घेतले आणि कारण सांगितले नाही.

ते अकरा फोटो त्यांनी तिथेच एका नव्या कार्डावर उतरवून दिले, आणि घरी आल्यावर चिऊने आणखी दोन ठिकाणी साठवले. चपलांचा फोटो बाळूने कागदावर छापून आणला. तो भिंतीवर लावला नाही. आपल्या कपाटाच्या आतल्या बाजूला, रोज शर्ट काढताना दिसेल असा लावला.

त्या रविवारी घरात आणखी एक मोहीम निघाली. बाळूने वहीत यादी केली आणि घरातल्या बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूचे पोट तपासले. जुना मोबाइल निघाला, त्याचे झाकण उचलले गेले होते. तो तसाच वेगळा ठेवला. माळ्यावरची विजेरी, बंद रेडिओ आणि जुने भिंतीवरचे घड्याळ यांत साधे पेन्सिल सेल होते. ते फुगलेले नव्हते, पण पाझरले होते. पट्ट्यांवर पांढरी खरपुडी आली होती. त्या सेलमधला द्राव अल्कधर्मी असतो, तो बाहेर पडून हवेशी मिळाला की ही पांढरी पूड होते. सेल काढून, बोटांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, कापसाच्या बोळ्याला लिंबाचे दोन थेंब लावून ती टिपली की फसफसते आणि निघते. मग कोरड्या फडक्याने पुसायचे. विजेरी लागली. घड्याळ चालले नाही, पण त्याला निदान पुढचा गंज तरी चढणार नाही.

शेजारच्या काकांनाही बातमी लागली. ते स्वतःच्या घरातून दोन कॅमेरे घेऊन आले. एकाची बॅटरी फुगायच्या बेतात होती, ती अजून निघत होती, म्हणून निघाली. दुसऱ्यात कार्ड नव्हते. काकांनी ‘काही नसेल हो त्यात’ म्हणत तो बाजूला ठेवला. बाळू म्हणाला, “काका, एकदा बघू या.” तो आता कुणालाच ‘त्यात काही नाही’ असे म्हणत नाही.

आपण वस्तू जपून ठेवतो म्हणजे पुष्कळदा त्या दृष्टिआड करतो. रुमालात गुंडाळतो, खणात सारतो, वर्षातून एकदा धूळ टिपतो, आणि समजतो की आत सगळे होते तसेच आहे. आत मात्र काहीतरी हळूहळू बिघडत असते. लिथियमच्या बॅटरीचे पथ्य फार कठीण नाही. वस्तू बरेच दिवस वापरायची नसेल तर बॅटरी बाहेर काढावी. ती पार उतरलेलीही नको आणि पूर्ण भरलेलीही नको, साधारण अर्धी भरून कोरड्या, थंड जागी ठेवावी. तीन-चार महिन्यांनी आठवणीने पुन्हा थोडी भरावी. माणसांच्या बाबतीतही चार महिन्यांतून एकदा झाकण उघडून पाहायला काय हरकत आहे? बाळू आणि माई हल्ली अण्णांविषयी बोलतात. आधी बोलत नसत.

डिसेंबरात चिऊची ट्रिप निघाली. ती कॅमेरा घेऊन दारात उभी होती. सुनेने डबा दिला, स्वेटर दिला. माईंनी बजावले, “परत आलीस की आधी बॅटरी काढून ठेवायची. मगच चहा.”

“हो गं, आजी.”

बाळू चपला घालत होता, स्टेशनवर सोडायला. सवयीने त्याच्या तोंडून गेले, “चिऊ, कार्ड घातलंस ना?” आणि म्हणता म्हणता तो थबकला.

माई आतूनच म्हणाल्या, “विसरलीस तरी घाबरू नकोस गं. अकरा निघतात.”